हवामान धोरणाच्या वादात हाताशी ठेवावे असे साधन : ‘एन-रोड्स’

हवामान बदलावरील धोरणांचा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा एकेका उपायाच्या नावाने होतो. कोणी झाडे लावण्याचा आग्रह धरतो, कोणी अणुविजेचा, कोणी इथेनॉलचा, तर कोणी विजेवर चालणाऱ्या वाहनांचा, आणि आपला उपाय अंमलात आला की प्रश्न मिटेल अशी प्रत्येकाची खात्री असते. वृत्तवाहिन्यांवरील अर्ध्या तासाच्या चर्चेत किंवा निवडणुकीच्या जाहीरनाम्यात यांपैकी कोणत्या दाव्याला किती वजन द्यायचे, हे सहसा कोणी सांगत नाही, कारण ते सांगण्यासाठी ऊर्जा, शेती, जंगल, लोकसंख्या आणि वातावरण यांचे एकत्र गणित मांडावे लागते. हे गणित सर्वसामान्य वाचकाला स्वतःच्या हाताने मांडून पाहता यावे यासाठी तयार केलेल्या ‘एन-रोड्स’ या संगणकीय साधनाचे हे परीक्षण आहे. काही काळ ते एकट्याने आणि आमच्या अभ्यासगटासोबत वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, हवामान धोरणावर लिहिणाऱ्या, बोलणाऱ्या किंवा मत देणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी उघडून पाहिले पाहिजे. त्याचबरोबर ते कोणत्या प्रश्नावर गप्प बसते हेही नीट समजून घेतले पाहिजे.

‘एन-रोड्स’ हे क्लायमेट इंटरॅक्टिव्ह या अमेरिकी संस्थेने, व्हेंटाना सिस्टिम्स ही कंपनी आणि अमेरिकेतील एमआयटी (मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था) या विद्यापीठाच्या स्लोन व्यवस्थापन शाळेतील अभ्यासकांच्या साहाय्याने घडवलेले प्रारूप, म्हणजे गणिती मॉडेल, आहे. त्यामागे एमआयटीतील ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ या, एखाद्या व्यवस्थेतील घटक काळाच्या ओघात एकमेकांवर कसा परिणाम करतात हे तपासणाऱ्या, अभ्यासपद्धतीची जुनी परंपरा असून त्या परंपरेतील आजचे मोठे नाव असलेले प्राध्यापक जॉन स्टर्मन या कामात प्रथमपासून आहेत. साधन पूर्णपणे मोफत आहे, नाव नोंदवावे लागत नाही, काही उतरवून घ्यावे लागत नाही, साध्या ब्राउझरमध्ये ते चालते. फोनवरही ते उघडते, परंतु आलेख शेजारी शेजारी पाहायचे असतील तर लॅपटॉपचा पडदा हवा.

पडद्यावर वर दोन आलेख असतात. डावीकडे जगाला ऊर्जा कोणकोणत्या स्रोतांतून मिळते आणि २१०० पर्यंत ती कशी मिळत राहील याचे रंगीत थर दिसतात, तर उजवीकडे हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची रेषा असते. बाजूला मोठ्या अक्षरांत एकच आकडा असतो : औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत २१०० मध्ये पृथ्वीचे सरासरी तापमान किती वाढलेले असेल. मी वापरले तेव्हा कोणताही बदल न करता हा आकडा ३.३ अंश सेल्सिअस होता. आलेखांच्या खाली दीड डझनभर स्लायडर, म्हणजे एकेक उपाय कमी-जास्त करण्यासाठी सरकवायच्या पट्ट्या, आहेत : कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू, जैवऊर्जा, नवीकरणीय ऊर्जा, अणुऊर्जा, कार्बनची किंमत, वाहतूक व इमारतींमधील कार्यक्षमता आणि विद्युतीकरण, लोकसंख्या, आर्थिक वाढ, जंगलतोड, वनीकरण, मिथेनसारखे इतर वायू आणि हवेतून कार्बन काढून घेण्याचे तंत्रज्ञान. एखादा स्लायडर कर किंवा अनुदानाच्या दिशेने सरकवला की आलेख आणि तापमानाचा आकडा तत्क्षणी बदलतो. प्रत्येक स्लायडरशेजारच्या तीन ठिपक्यांवर क्लिक केले की त्या उपायामागची गृहीतके, त्याचे इतर फायदे आणि त्यातील न्यायाचे प्रश्न यांची टिपणे उघडतात. ही टिपणे बहुतेक जण वाचत नाहीत, पण साधनाचा खरा ऐवज माझ्या मते त्यांतच आहे.

सुरुवात कोळशापासून करावी, कारण भारताची जागतिक प्रतिमा याच इंधनाशी बांधली गेली आहे. कोळशावर जबर कर लावण्याच्या बाजूला स्लायडर नेला की कोळशाचा थर आक्रसतो, तापमानाचा आकडा खाली येतो, पण जितका यावा असे वाटते तितका येत नाही, कारण त्याच वेळी नैसर्गिक वायूचा थर रुंदावतो. विजेची गरज तशीच राहते आणि ती भागवायला दुसरे जीवाश्म इंधन पुढे येते. पाच सेकंदांत दिसणारी ही गोष्ट नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेनंतरच्या बातमीदारीत मात्र क्वचितच दिसली. त्या परिषदेच्या अखेरच्या तासांत कोळशाचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने कमी करण्याची दुरुस्ती भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी मांडली, परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा कंठ दाटून आला आणि पुढचे कित्येक दिवस पाश्चात्त्य माध्यमांनी भारताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. भारताचा आक्षेप असा होता की, विकसनशील देश ज्यावर अवलंबून आहेत त्या कोळशालाच वेगळे काढून श्रीमंत देशांच्या तेलाला आणि वायूला मोकळे का सोडायचे. पुढच्याच वर्षी शर्म अल-शेखच्या परिषदेत भारताने सर्वच जीवाश्म इंधनांचा वापर कमी करण्याचा उल्लेख करावा असा आग्रह धरला आणि तो अंतिम मसुद्यात आला नाही. २०२३ मध्ये दुबईला जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचे आवाहन अखेर मसुद्यात आले. ‘एन-रोड्स’वर कोळसा, तेल आणि वायू हे तीनही स्लायडर एकत्र कराकडे सरकवून पाहिले आणि मग एकट्या कोळशाशी तुलना केली, तर भारताचा शर्म अल-शेखचा मुद्दा केवळ राजनैतिक चाल नव्हता हे दिसून येते.

मात्र हेच साधन भारताची सोय पाहत नाही, आणि म्हणूनच मला ते विश्वासार्ह वाटते. कोळशाच्या स्लायडरच्या तपशिलात नवी कोळसा केंद्रे बांधणे एखाद्या वर्षापासून थांबवले तर काय होईल हे पाहता येते. औष्णिक वीज केंद्र एकदा उभे राहिले की तीस-चाळीस वर्षे धूर सोडत राहते, त्यामुळे बांधकाम आज थांबवणे आणि पंधरा वर्षांनी थांबवणे यांतील अंतर शतकाच्या अखेरीस ठळक दिसते. आपण २०३१-३२ पर्यंत सुमारे ८० गिगावॉट नवी औष्णिक क्षमता उभारण्याचे ठरवले आहे. चंद्रपूरसारख्या शहरात उन्हाळा आणि कोळशाची राख या दोहोंचा भार एकाच वेळी सोसणाऱ्या लोकांना या निर्णयाचा हिशेब मागण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तो मागताना जागतिक न्यायाचे उत्तर पुरेसे ठरत नाही.

नवीकरणीय ऊर्जेचा स्लायडर पहिल्यांदा वापरणाऱ्यांची निराशा करतो. अनुदान शेवटपर्यंत वाढवले, हिरवा थर भरघोस रुंदावला, तरी तापमान फार कमी उतरते. याची दोन कारणे साधनच समजावते. सौर आणि पवन ऊर्जा मूळ चित्रातही वेगाने वाढत आहे, त्यामुळे अनुदानाने पडणारी भर वाटते तितकी नवी नसते. दुसरे म्हणजे वीज स्वस्त झाली की एकूण मागणी वाढते आणि नवी ऊर्जा काही प्रमाणात जुन्या ऊर्जेच्या जागी न येता तिच्या शेजारी येऊन बसते. आपल्याकडच्या बातम्या वाचताना हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनांव्यतिरिक्त स्रोतांची झाल्याचे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी ते साधले, ही खरोखर मोठी कामगिरी आहे. परंतु प्रत्यक्षात निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सुमारे सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक आहे. सौर पॅनेल रात्री वीज देत नाही, कोळशाचे केंद्र रात्रंदिवस चालते, इतका साधा फरक मथळ्यांत हरवतो, आणि तो हरवल्यामुळे एका बाजूला अवाजवी अभिमान आणि दुसऱ्या बाजूला अवाजवी हेटाळणी सुरू होते.

सर्वांत परिणामकारक स्लायडरांपैकी एक म्हणजे कार्बनची किंमत. कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक टनामागे किंमत लावत गेले की कोळसा सर्वांत आधी मागे हटतो, वायूला त्याची जागा आयती मिळत नाही, ऊर्जेची एकूण मागणी घटते आणि नवीकरणीय ऊर्जेला वेगळ्या अनुदानाची फारशी गरज उरत नाही. प्रारूपावर हे काम एका बोटाने होते. जगाच्या राजकारणात याच उपायाने सरकारे अडचणीत आली आहेत. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये लागू झालेली कार्बन किंमत टोनी ॲबट यांनी निवडणुकीचा मुख्य मुद्दा बनवली आणि सत्तेवर आल्यावर २०१४ मध्ये रद्द केली. कॅनडात ग्राहकांवरील कार्बन शुल्काचा बहुतेक पैसा कुटुंबांना परत दिला जात असूनही विरोधकांच्या ‘कर हटवा’ मोहिमेपुढे ते टिकले नाही, आणि १ एप्रिल २०२५ पासून खुद्द लिबरल पक्षाच्याच सरकारने ते बंद केले. पैसे परत मिळतात ही गोष्ट पंपावरच्या दराइतकी डोळ्यांत भरत नाही, हे त्या वादातून सर्वांनीच शिकण्यासारखे आहे.

भारताने कार्बन कर लावलेला नाही असे आपण ऐकतो, पण कोळशावर २०१० पासून प्रतिटन ५० रुपयांचा उपकर होता, तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला आणि त्याचा पैसा स्वच्छ ऊर्जा निधीत जावा अशी मूळ योजना होती. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तो उपकर राज्यांच्या भरपाईकडे वळवला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये भरपाई उपकर काढून कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला. इतकी मोठी उलथापालथ झाली तरी मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर कोळशाचा कर हा हवामानाचा विषय म्हणून आलेला मला आठवत नाही. तो अर्थविषयक पानांत राहिला. युरोपीय संघाने आयात मालाच्या निर्मितीत झालेल्या उत्सर्जनावर सीमेवर लावलेली कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष अंमलात आल्यावर आपल्या पोलाद आणि ॲल्युमिनियम निर्यातदारांना कार्बनच्या किमतीचा विचार करावाच लागणार आहे. आपण ती देशात वसूल केली नाही तर ती परदेशात भरावी लागेल. ‘एन-रोड्स’वर हा स्लायडर सरकवताना या साऱ्या घडामोडींची आठवण ठेवली तर आकड्यामागची माणसे दिसत राहतात.

वनीकरणाच्या स्लायडरवर मी मुद्दाम जास्त वेळ काढण्याचा सल्ला देईन, कारण झाडे लावण्याला कोणत्याही पक्षाचा विरोध नसतो आणि म्हणूनच या उपायाची चिकित्सा सर्वांत कमी होते. जानेवारी २०२० मध्ये दावोसला एक लाख कोटी झाडांच्या मोहिमेची घोषणा झाली तेव्हा हवामान बदल मान्य नसलेल्या नेत्यांनीही तिला पाठिंबा दिला. ‘एन-रोड्स’वर वनीकरण शक्य तितके वाढवले तर तापमानातील घट एका अंशाच्या दशांशाच्या आसपास राहते. झाड वाढायला दशके लागतात, जमीन मर्यादित आहे, ती जमीन शेतीसाठी आणि जैवविविधतेसाठीही हवी आहे, आणि जळालेले किंवा तोडलेले झाड साठवलेला कार्बन परत सोडून देते. वनीकरणाच्या शेजारचा जंगलतोड थांबवण्याचा स्लायडरही वापरून पाहावा. उभे जंगल वाचवण्याचा लाभ लगेच मिळू लागतो, रोपट्याच्या लाभाला पिढीभर थांबावे लागते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. राज्याने २०१६ ते २०१९ या काळात अनुक्रमे २ कोटी, ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी झाडे लावण्याची उद्दिष्टे जाहीर केली, सुधीर मुनगंटीवार वनमंत्री असताना ही मोहीम राज्यभर गाजली, आणि सत्ताबदलानंतर २०२१ मध्ये तिच्या चौकशीसाठी विधिमंडळ सदस्यांची समिती नेमली गेली. पुढचा सगळा वाद किती रोपे लावली आणि किती जगली याभोवती फिरला. तो हिशेब आवश्यकच आहे. पण सर्व रोपे जगली असती तरी राज्याच्या औष्णिक केंद्रांच्या आणि वाहनांच्या धुराच्या तुलनेत त्यांनी किती कार्बन शोषला असता, हा प्रश्न त्या वादात ना सत्ताधाऱ्यांनी उपस्थित केला ना विरोधकांनी. झाडे सावलीसाठी, पाण्यासाठी, मातीसाठी, पक्ष्यांसाठी लावावीत आणि जपावीत, यात शंका नाही. कोळशाच्या बदल्यात ती पुढे केली जातात तेव्हा मात्र आकडे मागितले पाहिजेत.

इथेनॉलच्या बाबतीत आपल्या राज्याचे हितसंबंध सर्वांत घट्ट गुंतलेले आहेत, त्यामुळे जैवऊर्जेचा स्लायडर सरकवताना मन तटस्थ ठेवणे अवघड जाते. अनुदान वाढवले तरी तापमान जवळपास हलत नाही. पीक किंवा लाकूड जाळल्याने कार्बन बाहेर पडतो, तो परत शोषला जायला वेळ लागतो, आणि इंधनासाठी जमीन गुंतली की जंगलावरचा आणि अन्नावरचा ताण वाढतो, हे प्रारूप गृहीत धरते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले, आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात माध्यमांतील सगळी चर्चा गाडीच्या मायलेजभोवती आणि इंजिनाच्या सुट्या भागांभोवती रंगली. पाण्याची चर्चा मागे पडली. डिसेंबर २०२३ मध्ये कमी पावसामुळे उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध आणले तेव्हा राज्यातील कारखान्यांची जी तारांबळ उडाली, त्यातून हे इंधन पावसावर किती अवलंबून आहे ते उघड झाले होते. ऊस उत्पादकाला वेळेवर पैसे मिळावेत आणि तेलाची आयात घटावी, ही इथेनॉलमागची कारणे सबळ आहेत. ती त्याच नावाने मांडावीत. हवामानाच्या नावाने मांडायची असतील तर मोजमाप कठोर व्हायला हवे, आणि हे साधन वैश्विक सरासरीवर चालत असल्यामुळे मळीपासून, रसापासून आणि मक्यापासून केलेल्या इथेनॉलमधील फरक त्यात पुरेसा दिसत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

अणुऊर्जेबद्दल थोडक्यात सांगायचे तर प्रारूपावर तिचे अनुदान वाढवले की ती कोळशाची थोडी जागा घेते, पण सौर-पवनाचीही घेते, त्यामुळे निव्वळ लाभ मर्यादित राहतो. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरचा ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प २०१० च्या फ्रान्सशी झालेल्या करारानंतर आजही उभा राहिलेला नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये तेथील आंदोलनात पोलीस गोळीबारात एका माणसाचा जीव गेला. पंधरा वर्षांचा हा विलंब कोणत्याही स्लायडरवर आपोआप येत नाही. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुऊर्जेचे लक्ष्य २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले, त्याकडे पाहताना तो विचारात घ्यावा लागेल.

याउलट ज्या स्लायडरने आमच्या गटातील बहुतेकांना चकित केले तो होता मिथेन आणि इतर वायूंचा. त्याचा परिणाम मोठा आहे आणि लवकर दिसतो, कारण मिथेन वातावरणात साधारण बारा वर्षेच टिकतो पण तेवढ्या काळात उष्णता फार मोठ्या प्रमाणात अडवून धरतो. भातशेती, गुरे, कचऱ्याचे डोंगर, कोळसा खाणी आणि वायूची गळती हे त्याचे स्रोत आहेत. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग मुंबईकरांना आठवत असेल. अशा आगींना कचऱ्यातून निघणारा मिथेन खतपाणी घालतो, पण बातमी धुराची आणि महापालिकेच्या बेफिकिरीची होते, हवामानाची होत नाही. मिथेनचे उत्सर्जन घटवण्याचे वचन अनेक देशांनी मिळून दिलेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत सहभागी झालेला नाही. अल्पभूधारकांच्या भाताला आणि गुरांना लक्ष्य करू नये, ही त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. शहरांच्या कचऱ्याला मात्र ती लागू पडत नाही, आणि या फरकावर आपल्याकडे चर्चाच झालेली नाही.

लोकसंख्येचा स्लायडर घरोघरी ऐकू येणाऱ्या एका मताची परीक्षा घेतो. लोकसंख्या कमी वाढली तर तापमानात फरक पडतो, पण मर्यादित, कारण जिथे ती वेगाने वाढते आहे तिथले दरडोई उत्सर्जन सर्वांत कमी आहे. हा स्लायडर वापरल्यावर ‘सगळ्याचे मूळ लोकसंख्या’ असे म्हणणाऱ्यांशी शांतपणे बोलता येते, हा माझा अनुभव आहे.

आता उणिवांकडे वळतो. सर्वांत मोठी उणीव अशी की ‘एन-रोड्स’मध्ये जग एकसंध आहे. कोळसा कोणी सोडायचा, कर कोणी भरायचा, हवेतला आजवरचा कार्बन कोणाचा, हे त्यात येत नाही. भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन सुमारे २ टन आहे, अमेरिकेचे सुमारे १४ टन. हवामान धोरणाचा सारा आंतरराष्ट्रीय वाद या तफावतीवर उभा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरची तयारी दाखवली तेव्हा भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तो दस्तऐवज दृष्टिभ्रम असल्याचे भर सभागृहात सांगितले. ‘एन-रोड्स’ समोर ठेवून हा प्रसंग कोणालाही समजावता येणार नाही. न्यायाचे मुद्दे टिपणांत आहेत, गणितात नाहीत. त्यामुळे हे साधन एकटे वापरले तर जगाचे सगळे लोक एकाच खोलीत समान खुर्च्यांवर बसले आहेत असा समज होण्याचा धोका आहे. यावर उपाय म्हणून त्याच संस्थेचे ‘सी-रोड्स’ हे जुने साधन सोबत उघडावे. त्यात अमेरिका, युरोपीय संघ, इतर विकसित देश, चीन, भारत आणि इतर विकसनशील देश असे सहा गट करता येतात, आणि प्रत्येकाचे उत्सर्जन कोणत्या वर्षी शिगेला पोहोचावे व नंतर किती वेगाने घटावे हे ठरवता येते. भारताचे २०७० चे निव्वळ शून्याचे (जितके उत्सर्जन तितकेच शोषण करण्याचे) वचन तिथे टाकून पाहिले, आणि मग विकसित देशांच्या तारखा अलीकडे आणून पाहिल्या, की कोणाच्या उशिराची किंमत कोण मोजते याचा काही अंदाज येतो.

दुसरी मर्यादा मूळ आकड्याची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२५ च्या उत्सर्जन-तफावत अहवालात सध्याच्या धोरणांनुसार या शतकातील तापमानवाढ २.८ अंशांच्या आसपास राहील असा अंदाज दिला आहे, तर ‘एन-रोड्स’ ३.३ पासून सुरुवात करते. गृहीतके वेगळी असल्यामुळे असा फरक पडतो आणि त्यात लपवाछपवी नाही, कारण प्रारूपाची समीकरणे आणि तांत्रिक मार्गदर्शिका सर्वांसाठी खुली आहे, आणि ‘गृहीतके’ या यादीत जाऊन बरेच घटक वापरणाऱ्याला बदलता येतात. तरीही वादात हा आकडा एखाद्या निर्विवाद भाकितासारखा उच्चारू नये. साधनाचे बळ दोन उपायांची तुलना करण्यात आहे, शेवटच्या दशांशात नाही.

तिसरी गोष्ट स्थानिक वादांची. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे येथे मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली तेव्हा एका बाजूला सार्वजनिक वाहतूक आणि दुसऱ्या बाजूला जंगल असा पेच माध्यमांनी उभा केला. अशा प्रश्नाचे उत्तर ‘एन-रोड्स’कडे मागू नये. कारशेड दुसरीकडे नेता आली असती का, तिथल्या आदिवासी पाड्यांचे काय, शहराच्या पुराचे काय, हे प्रश्न वैश्विक सरासरीत मावत नाहीत.

मी वापरले तेव्हा साधन मराठीत उपलब्ध नव्हते, आणि याची मला मनापासून खंत वाटते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाला किंवा तालुक्याच्या वार्ताहराला इंग्रजी टिपणे वाचून ही मांडणी समजून घ्यावी लागणे हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. विज्ञान परिषदा आणि विद्यापीठे यांनी भाषांतराचे काम हाती घेण्यासारखे आहे.

वापरण्याच्या पद्धतीविषयी एक सूचना. एकट्याने स्लायडर सरकवण्यापेक्षा संस्थेने तयार केलेला ‘क्लायमेट ॲक्शन सिम्युलेशन’ हा भूमिकानाट्याचा प्रकार वर्गात किंवा वाचनालयात घ्यावा. त्यात सहभागी लोक पारंपरिक ऊर्जा, स्वच्छ तंत्रज्ञान, उद्योग व व्यापार, जमीन-शेती-वने, जगातील सरकारे आणि हवामान न्यायाचे कार्यकर्ते अशा गटांत बसतात, आपापल्या हिताचे प्रस्ताव मांडतात, आणि प्रत्येक फेरीनंतर ते प्रस्ताव प्रारूपात टाकले जातात. आमच्याकडे पारंपरिक ऊर्जेच्या गटाने वनीकरणाला भरघोस देणगी देऊ केली आणि कोळशाला हात लावू नये अशी अट घातली. पुढच्या फेरीत पडद्यावरचा आकडा जवळजवळ जागचा हलला नाही, तेव्हा न्यायाच्या गटातील एका विद्यार्थिनीने त्या प्रस्तावाला थेट आव्हान दिले आणि चर्चा कराच्या पैशाचे वाटप कसे करावे याकडे वळली. ही चर्चा संपायला ठरलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर झाला. तेव्हा हा उपक्रम घेणाऱ्यांनी किमान तीन तास राखून ठेवावेत, भारतासाठी ‘सी-रोड्स’ची एक फेरी त्यात आवर्जून घालावी आणि शेवटी तयार झालेल्या मांडणीचा दुवा जतन करून सहभागींना पाठवावा, म्हणजे पुढच्या अर्थसंकल्पाच्या किंवा हवामान परिषदेच्या बातम्या येतील तेव्हा त्यांना आपले गणित पुन्हा उघडून पाहता येईल.